काळे दाणे, पांढरे दाणे

ग्रँट मेडिकल कॉलेजचा इतिहास लिहायला घेतला की ठरलेली नावं ठरलेल्या क्रमाने येतात. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट, सर जमशेटजी जीजीभाईंची लाख रुपयांची देणगी, १८४५ची स्थापना, पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड, पुढे १८९६चा प्लेग आणि कॉलेजच्या इमारतीत बसून लस तयार करणारे हाफकिन. बुरशीची आठवण कुणी काढत नाही. आवर्जून काढावी असं तिच्यात देखणं काही नाही, हेही खरं. पण जगभरच्या त्वचारोगाच्या पुस्तकांत भायखळ्याच्या या आवारातून गेलेलं एक नाव आजही जसंच्या तसं छापलं जातं. ते म्हणजे मायसेटोमा. पायाला होणारा, वर्षानुवर्षं चालणारा, हाडापर्यंत पोचणारा बुरशीचा आजार. त्याला हे नाव दिलं ते आपल्याच कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या एका तरुण सर्जनने.

ही स्मरणिका ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात दवाखाने चालवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची. ‘कॉलेजचा इतिहास लिहा, पण आपल्या भागाशी जोडून लिहा’ असा संपादकांचा आग्रह होता. त्यासाठी फार ओढाताण करावी लागली नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. मायसेटोमाला नाव देणारे ते तरुण सर्जन, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, मुंबईत आले १८५८ साली. म्हणजे ज्या मार्गाने आजही आपले अवघड रुग्ण भायखळ्याला जातात, तो कार्टर यांच्या आगमनाआधीच तयार होता.

कार्टर चित्रकाराचे चिरंजीव. वडील इंग्लंडच्या स्कारबरो गावी निसर्गचित्रं काढायचे. मुलगा लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात वैद्यक शिकला आणि तिथल्या हेन्री ग्रे यांच्या शरीररचनेच्या पुस्तकासाठी त्याने ३६३ आकृत्या काढल्या. आपल्यापैकी प्रत्येकाने ते पुस्तक विकत घेतलं असेल किंवा निदान त्याची झेरॉक्स काढली असेल. त्या आकृत्यांबद्दल कार्टर यांना एकरकमी दीडशे पौंड मिळाले, रॉयल्टी नाही. मुखपृष्ठामागच्या पानावर त्यांचं नाव ग्रे यांच्या नावापेक्षा लहान अक्षरांत छापलं गेलं. पुस्तक लंडनमध्ये बाहेर पडलं तेव्हा चित्रकार मुंबईत होते. ग्रँट मेडिकलला शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते, जे. जे. रुग्णालयात असिस्टंट सर्जन म्हणून काम करत होते.

इथे त्यांना एक विचित्र पाय भेटला. विचित्र म्हणजे त्यांच्यासाठी. इथल्या लोकांना तो ठाऊक होता. सुश्रुताने क्षुद्ररोगांमध्ये ‘वल्मीक’ सांगितला आहे, वारुळासारखा उंचवटा आणि त्याला अनेक तोंडं. मदुराईच्या दवाखान्यातल्या गिल यांनी १८४२मध्ये अशा पायांची नोंद केली आणि इंग्रज डॉक्टरांत ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ झालं. शेतात अनवाणी चालताना काटा रुततो. काटा निघतो, दुखणं विसरलं जातं. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी तिथे न दुखणारी गाठ येते. ती वाढते, तिच्यावर छिद्रं पडतात, त्यातून पातळ पू आणि पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर पडतात. दुखत नसल्यामुळे माणूस डॉक्टरकडे जात नाही. तो जातो तेव्हा आतलं हाड पोखरलेलं असतं. त्या काळी याला एकच उपाय होता, पाय कापणं.

कापलेले पाय कार्टर यांच्या टेबलावर येत. इतरांनी ते फेकून दिले असते. कार्टर यांनी ते उभे चिरले, आतल्या पोकळ्या, हाडातले बोगदे आणि त्यात ठासून बसलेले दाणे पाहिले, रंगवले आणि मग दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांना दोन जाती दिसल्या. एका पायात दाणे काळे, बंदुकीच्या दारूच्या कणांएवढे. दुसऱ्या पायात फिकट, पिवळसर. त्यांची तुलना त्यांनी माशाच्या गाबोळीशी केली. ती तुलना बरोबर आहे की नाही, हे आपल्या आगरी-कोळी रुग्णांना विचारावं लागत नाही. काळ्या दाण्यांत त्यांना बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. १८६०च्या सुमारास त्यांनी बॉम्बे मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की हा आजार क्षय नाही, हाडाचा कर्करोग नाही, तर बुरशीमुळे होतो. मायसेटोमा हे नाव तेव्हापासूनचं.

इथे एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण त्यात संशोधकाची फसगतही आहे. नमुन्यांवर वाढलेली एक गुलाबी-लाल बुरशी कार्टर यांना सापडली. हीच रोगाचं कारण असावी असं त्यांना वाटलं. नमुना इंग्लंडला गेला. तिथले नामांकित बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिचं कार्टर यांच्या नावावरूनच बारसं केलं, कायोनिफे कार्टेरी. पुढे कळलं, की ती मुंबईच्या दमट हवेत कुठल्याही उघड्या बरणीवर येऊन बसणारी उपरी बुरशी होती. ज्याने जुलै महिन्यात सबूरोच्या माध्यमावर कल्चर लावलं आहे, त्याला हे नवल वाटणार नाही. आजही आपल्याकडच्या काही नळ्यांत रुग्णाची बुरशी यायच्या आधी हवेतला ॲस्परजिलस येऊन बसतो आणि नवखा तंत्रज्ञ आनंदाने त्याचाच अहवाल लिहून मोकळा होतो.

१८६३ ते १८७२ कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. तिथला तुरुंगही त्यांच्याच ताब्यात. दख्खनच्या शेतकऱ्यांचे पाय तिथे त्यांना आणखी पाहायला मिळाले असणार, शिवाय कुष्ठरोगाचा अभ्यासही सुरू झाला. १८७४ साली लंडनला त्यांचं मायसेटोमावरचं पुस्तक निघालं, रंगीत चित्रांसह, चित्रं अर्थात स्वतःची. नंतर ते पुन्हा मुंबईत आले, परतीच्या तापाच्या सर्पिल जंतूवर त्यांनी काम केलं, ग्रँट मेडिकलचं प्राचार्यपद काही काळ सांभाळलं आणि १८८८मध्ये निवृत्त होऊन स्कारबरोला परतले. १८९७मध्ये तिथेच वारले.

त्यांच्या अर्ध्या चुकीचा उलगडा १८९४ साली झाला, तोही अल्जीरियात. व्हिन्सेंट यांनी फिकट दाण्यांतून जो जीव वाढवला, तो बुरशी नव्हता. बुरशीसारख्या फांद्या फुटणारा जिवाणू होता. आज त्याला ॲक्टिनोमॅड्युरा म्हणतात. म्हणजे ज्या रोगाला कार्टर ‘हिंदुस्थानातला बुरशीचा आजार’ म्हणत होते, त्यातला निम्मा बुरशीचा नव्हताच. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या आजारावर एक दीर्घ निबंध आला. तो बॉइस या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञाने आणि डॉ. एन. एफ. सर्व्हेयर या मुंबईच्या पारशी डॉक्टरने मिळून लिहिला होता. कॉलेजच्या इतिहासात प्लेगाच्या वेळी सर्व्हेयरांचं नाव हाफकिनच्या मागे कुठेतरी येतं. त्याआधी त्यांनी काळ्या-पांढऱ्या दाण्यांचे पातळ छेद घेऊन डोळे शिणवले होते, हे कुणी सांगत नाही. १९१३ साली पिनॉय यांनी दोन्ही आजारांची कायमची फारकत केली. जिवाणूंचा तो ॲक्टिनोमायसेटोमा, बुरशीचा तो युमायसेटोमा.

माझ्या मते कार्टर यांचं खरं श्रेय बुरशी ओळखण्यात नाही, दाणे रंगांनुसार वेगळे ठेवण्यात आहे. कारण उपचार त्या रंगावर ठरतात. काळा दाणा असेल तर बुरशी, बहुतेक वेळा मॅड्युरेला मायसेटोमॅटिस. लाल असेल तर जिवाणू. पांढरा किंवा पिवळा असेल तर दोन्हींपैकी काहीही, तिथे तपासण्यावाचून गत्यंतर नाही. जिवाणूंचा असेल तर को-ट्रायमोक्साझोल आणि ॲमिकासिन यांनी पाय वाचतो. मेक्सिकोच्या मॉन्तेरेमधले ऑलिव्हेरिओ वेल्श यांनी ही जोडी १९८०च्या दशकात रुळवली. दिल्लीच्या एम्समध्ये एम. राममसरांनी पेनिसिलिन आणि जेंटामायसिनपासून सुरुवात करणारी स्वस्त पद्धत मांडली, ती आपल्या रुग्णांच्या खिशाला जास्त परवडते. बुरशीचा असेल तर इट्राकोनाझोल वर्षभर, कधी त्याहून अधिक, सोबत शस्त्रक्रिया आणि तरीही पुन्हा उद्भवण्याची टांगती तलवार. औषध उलटसुलट दिलं तर वर्ष वाया जातं आणि हाड आणखी खाल्लं जातं.

दाणा मिळवण्याची जी पद्धत जे. जे.च्या स्किन ओपीडीत आपण शिकलो, तिच्यासाठी यंत्र लागत नाही. मुरबाड किंवा शहापूरकडून पाय घेऊन आलेला रुग्ण असेल, भाताची लावणी करणारा, पायावर तीन-चार तोंडं आणि त्यावर वाळलेल्या खपल्या. सलाइनने पाय धुवायचा, तोंडावर निर्जंतुक गॉज बांधायचं आणि त्याला उद्या यायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी गॉज उलगडलं की जाळीत दाणे अडकलेले दिसतात, डोळ्यांना दिसतात. एक उचलून काचेवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात दुसऱ्या काचेने दाबायचा. सहज चुरडला जातो की करकरतो, हे बोटांना कळतं. मग सूक्ष्मदर्शक. जाड, भिंत असलेले तंतू दिसले तर बुरशी, अगदी बारीक धागे दिसले तर जिवाणू, ग्रॅम स्टेन करून खात्री करायची. सगळा खर्च गॉजच्या तुकड्याचा. पण त्यासाठी रुग्णाला दोन दिवस थांबावं लागतं आणि डॉक्टरला ‘हत्तीपाय’ हा शब्द मनातून काढून टाकावा लागतो. आपल्याकडे गावात या पायाला हत्तीपायच म्हणतात, हत्तीरोगाच्या गोळ्या देऊन मोकळे होतात किंवा एक्स-रेवर हाड खाल्लेलं पाहून क्षयाचं औषध सुरू करतात.

विसाव्या शतकाची पहिली पन्नास वर्षं बुरशीच्या बाबतीत कोरडी गेली, थोडक्यात उरकतो. त्वचारोग विभागाचं लक्ष उपदंश आणि कुष्ठरोगावर होतं आणि ते साहजिक होतं. डॉ. यू. बी. नारायण राव यांनी १९३५मध्ये मुंबईतून त्वचारोगाचं भारतातलं पहिलं नियतकालिक काढलं, त्याच्या नावातही फक्त गुप्तरोगच होते, त्वचा नंतर आली. गजकर्णाला व्हिटफिल्डचं मलम, चिखल्यांना जेंशन व्हायोलेट, बाकी पोटॅशियम आयोडाइडचे थेंब. ग्रिसिओफुल्विन १९३९मध्ये सापडून पडून होतं. तोंडावाटे दिल्यावर ते त्वचेत उतरतं, हे १९५८मध्ये गिनी पिगवर दिसलं आणि मग डोक्याच्या नायट्याची मुलं घरी बसायची थांबली. ॲम्फोटेरिसिन बी व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जिवाणूतून आलं, पन्नासच्या दशकाच्या मध्यात.

महाराष्ट्राने या शर्यतीत एक स्वतःचा घोडा उतरवला होता, तो मात्र विसरला गेला. १९५४मध्ये उभ्या राहिलेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने १९६१ साली हॅमायसिन शोधलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नाव त्यांनी पिंपरीवरून ठेवलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पाठोपाठ डर्मोस्टॅटिन आणि १९६४मध्ये ऑरिओफंगिन आलं. तेव्हा तिथे काम केलेले अरविंद पाध्ये पुढे अमेरिकेत अटलांटाच्या सीडीसीत बुरशीची ओळख पटवणाऱ्या प्रयोगशाळेत गेले आणि जगभरचे अडलेले नमुने त्यांच्या टेबलावर येऊ लागले. हॅमायसिन मात्र आपल्या देशाबाहेर फारसं गेलं नाही. त्या काळात एक भारतीय सरकारी कारखाना स्वतःचं बुरशीनाशक शोधतो, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर ते खोटं वाटतं.

आता आपला पट्टा. ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना रुग्णालय, १९३६पासूनचं. कळव्याला महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय १९९२ साली आलं आणि त्वचारोगाचा रुग्ण निदान ठाणे खाडीच्या अलीकडे थांबू लागला. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर. गजकर्ण, खरूज, शिबं यांच्यासाठी कुणाला भायखळ्याला जायची गरज उरली नाही. पण चार महिन्यांत बरं न झालेलं, नाव न सापडलेलं काही असेल, तर आजही चिठ्ठीवर ‘जे. जे.’ लिहिलं जातं. सकाळची लोकल, भायखळ्याला उतरून चालत किंवा शेअर टॅक्सीने फाटक, ओपीडीचा केसपेपर, दुपारपर्यंत बायोप्सी. एक दिवसाची मजुरी बुडाली. अहवालासाठी पुन्हा एक दिवस. बुरशीचं कल्चर असेल तर चार आठवडे थांबा, म्हणजे आणखी एक. या दिवसांच्या हिशोबात बरेच रुग्ण गळतात. आजार दुर्मीळ वाटतो त्याचं एक कारण हेही आहे.

कॉलेजने आपल्याला दुर्मीळ बुरशीची चारच चित्रं दिली, पण ती पुरतात. हातावर एकामागोमाग एक गाठी, मनगटापासून कोपराकडे दोरीवर ओवल्यासारख्या सरकत जाणाऱ्या, ती स्पोरोट्रायकोसिस, काटा किंवा गवताचं पातं लागल्यावर. पायावर फ्लॉवरसारखा खडबडीत, काळे ठिपके असलेला चट्टा, ती क्रोमोब्लास्टोमायकोसिस. तिच्या खवल्यात सूक्ष्मदर्शकाखाली तांबूस-तपकिरी, मध्ये भिंत असलेल्या गोल पेशी दिसतात आणि एकदा पाहिल्या की आयुष्यभर विसरत नाहीत. लहान मुलाच्या मांडीवर किंवा नितंबावर लाकडासारखी टणक सूज, जिच्या कडेखाली बोट घालून ती उचलता येते, ती बॅसिडिओबोलसची. आणि चौथं चित्र मायसेटोमाचं. यातली पहिली दोन क्षय म्हणून उपचार घेऊन येतात, तिसरं गाठीच्या भीतीने कर्करोगाच्या रुग्णालयात फिरून येतं. बॅसिडिओबोलसचं मूल सहा महिन्यांत पूर्ववत होतं, पोटॅशियम आयोडाइडच्या थेंबांनी. औषध चवीला घाण, किमतीला नगण्य. मेडिकलवाले ठेवत नाहीत कारण त्यात नफा नाही. कल्याण स्टेशनबाहेरच्या जुन्या दुकानांत विचारलं तर अजून कुठे कुठे मिळतं, नाहीतर स्वतः बनवून घ्यावं लागतं.

दुर्मीळ म्हणता येणार नाही अशी एक बुरशी गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या ओपीडीची मालकीण झाली आहे, तिच्याबद्दल लिहिल्यावाचून इतिहास पुरा होणार नाही. पूर्वी गजकर्ण म्हणजे पंधरा दिवसांचं काम. एक मलम, जास्तीत जास्त टर्बिनाफिनच्या गोळ्या. मग जांघेपासून कमरेपर्यंत, छातीपर्यंत, घरातल्या चौघांना एकदम, औषधाला दाद न देणारं गजकर्ण येऊ लागलं. लोकल आणि एकाच खोलीत वाळत घातलेले कपडे ही कारणं आहेतच. मोठं कारण मेडिकलच्या काउंटरवर आहे. स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र घोटलेली ट्यूब, चिठ्ठीशिवाय विकत मिळणारी, दोन दिवसांत खाज थांबवणारी. खाज थांबते आणि बुरशी पसरते, कडा पुसट होतात, चट्ट्याचं रूपच बदलतं. २०१८च्या मार्चमध्ये केंद्राने चौदा स्टेरॉईडयुक्त मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आमच्या गल्लीत त्याने किती फरक पडला, ते न लिहिलेलं बरं. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारतातून आणि नेपाळातून आलेल्या रुग्णांतली ही बुरशी वेगळी असल्याचं दाखवलं आणि तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनिई. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं, त्याच्याच जनुकात तिने बदल करून घेतला आहे. २०२३मध्ये ती न्यू यॉर्कला पोचल्याची बातमी आली तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची प्रतिक्रिया होती, ‘आता त्यांनाही पावसाळ्यात ओपीडी कळेल.’

खवले काढताना कड धरायची, मध्य नाही. चट्ट्याच्या मधल्या भागात बुरशी बहुतेक मेलेली असते, ती कडेला वाढते. बोथट पात्याने कडेवरून खरवडायचं, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड (केओएच) घालून वर कव्हर स्लिप ठेवायची, स्पिरिटच्या ज्योतीवरून हलकेच फिरवायची, उकळू द्यायची नाही. वीस मिनिटांनी पेशी विरघळतात, तंतू राहतात. हे कौशल्य मला जे. जे.त दिलं ते रेसिडेंटांनी, प्राध्यापकांनी नाही. खासगी दवाखान्यात ते जवळजवळ मेलं आहे, कारण रुग्णाला पाच मिनिटांत गोळ्या हव्या असतात आणि आपल्यालाही पुढचा रुग्ण हवा असतो.

त्याच थेंबाचं मोल २०२१च्या मे महिन्यात कळलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला आणि कल्याण-डोंबिवलीत महिन्याच्या मध्यापर्यंत दोघांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली. ज्या आजाराचे रुग्ण आपण पदव्युत्तर काळात हाताच्या बोटांवर मोजले होते, त्याचे तेवढे फोन एका दिवसात येऊ लागले. नाक-डोळे-मेंदू हे त्याचं मुख्य रूप, पण सलाइनच्या सुईच्या जागी, टाक्यांच्या जखमेवर काळं पडत जाणारी त्वचा हेही. मधुमेह आणि स्टेरॉईडचे डोस ही पार्श्वभूमी. काळा भाग पाहून उपचार सुरू करायचे की बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहायची? केओएचमध्ये रुंद, भिंती नसलेले, रिबनसारखे तंतू काटकोनात फुटलेले दिसले, तर वाट पाहायची गरज नसते. शस्त्रक्रिया आणि ॲम्फोटेरिसिन लगेच. बाजारात इंजेक्शन नव्हतं. केंद्राने राज्यांना आजार अधिसूचित करायला सांगितलं, इंजेक्शनचं वाटप स्वतःच्या हातात घेतलं, राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसवले. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या कंपन्यांपैकी एकीचा, भारत सीरम्सचा, कारखाना अंबरनाथला, कल्याणच्या पुढे काही स्टेशनांवर. तरी डोंबिवलीतले नातेवाईक एका कुपीसाठी पुण्या-नाशिकला फोन लावत होते. मागणी एकदम इतकी वाढली होती, की कुठल्याही कारखान्याने ती पुरवली नसती.

मायसेटोमाला जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं २०१६मध्ये. कार्टर यांच्या निबंधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. क्रोमोब्लास्टोमायकोसिस पुढच्या वर्षी त्यात आला. मायसेटोमावरचं जगातलं सर्वांत मोठं काम सुदानमध्ये झालं, खार्टूमच्या मायसेटोमा संशोधन केंद्रात, १९९१पासून. आठवड्यातून एकदा घ्यायच्या फॉसराव्हुकोनाझोलची चाचणी तिथेच झाली, रोजच्या इट्राकोनाझोलला पर्याय म्हणून. त्या देशातल्या युद्धात केंद्र उद्ध्वस्त झालं आणि दशकांचे नमुने गेले. आपल्या कॉलेजात कार्टर यांच्या हयातीत बुरशीच्या नमुन्यांचा संग्रह होता. खार्टूमची बातमी वाचल्यावर आपल्या त्या संग्रहातलं आज नेमकं काय शिल्लक आहे, याची एकदा नीट यादी व्हावी, असा आग्रह मी माजी विद्यार्थी म्हणून धरणार आहे. एखाद्या बॅचने आपल्या रौप्यमहोत्सवाच्या निधीतून तेवढं केलं, तरी ते पंख्यावर नाव कोरून देण्यापेक्षा बरं.

आपल्या पट्ट्यातून भायखळ्याला, कळव्याला किंवा कुठल्याही खासगी प्रयोगशाळेला नमुना पाठवताना एक गोष्ट सतत चुकते, ती इथे नोंदवून ठेवतो. बायोप्सीचा तुकडा अख्खा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरवर काही उगवत नाही आणि हिस्टोपॅथॉलॉजीत तंतू दिसले तरी ते कुणाचे, हे सांगता येत नाही. तुकडा दोन भागांत करा, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा साध्या सलाइनमध्ये, बाटल्यांवर वेगवेगळी लेबलं. सलाइनची बाटली त्याच दिवशी पोचली पाहिजे, फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवून नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘कल्चर’ लिहू नका, ‘बुरशीचं कल्चर’ असं लिहा, नाहीतर ते जिवाणूंच्या माध्यमावर लागतं आणि तीन दिवसांत निरंक अहवाल येतो. मायसेटोमाचा संशय असेल तर तेही लिहा, म्हणजे एक नळी सायक्लोहेक्सिमाइडशिवाय लागेल, कारण त्या औषधाने उपऱ्या बुरशीबरोबर काही वेळा हवी तीही मरते. नळ्या चार आठवडे ठेवायच्या, काही बुरशींना सहाही लागतात. दुसऱ्या आठवड्यातच ‘वाढ नाही’ असा अहवाल हातात पडला, तर नळी टाकली की ठेवली, हे प्रयोगशाळेला फोन करून विचारावं.